कॉलेजचा जुना कॉम्प्युटर भंगारात जातो, तेव्हा त्यातली तुमची माहिती कुठे जाते?

सातारा / सांगली : बारावीचा निकाल लागला की अर्जांचा हंगाम सुरू होतो. आधी प्रवेशाचा अर्ज, मग शिष्यवृत्तीचा, मग परीक्षेचा. प्रत्येक अर्जासोबत आधार कार्ड, जातीचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकाची झेरॉक्स, फोटो, सही आणि वडिलांचा मोबाईल नंबर. ही सगळी माहिती कॉलेजच्या कुठल्या ना कुठल्या कॉम्प्युटरवर साठते. काही वर्षांनी तो कॉम्प्युटर जुना होतो, बंद पडतो आणि एक दिवस भंगाराच्या टेम्पोत चढतो. आतली माहिती आधी नीट पुसली नसेल, तर तीही त्याच टेम्पोतून जाते.

ही माहिती नीट कशी पुसायची, कॉलेज आणि विद्यापीठाने काय करायला हवं, कायदा काय सांगतो आणि पालक-विद्यार्थ्यांनी काय विचारावं, हे सगळं एका ठिकाणी.

कोणाची माहिती आणि कुठे असते?

सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांसाठी शिवाजी विद्यापीठ आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी आपल्याकडची बहुतेक कला, वाणिज्य आणि विज्ञान कॉलेजं जोडलेली आहेत. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं आहे. कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगलीत विलिंग्डन आणि वालचंद अशी जुनी कॉलेजं आहेत. माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंतची मुलं या आणि अशा कॉलेजांत शिकतात. त्यातल्या अनेक घरांत कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच पिढी आहे. घरातल्या माणसांचे आधार नंबर आणि खाते नंबर पहिल्यांदा गावाबाहेर कुठे नोंदले गेले असतील, तर ते या मुलांच्या अर्जांमधून.

कॉलेजात माहिती फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असते, असं नाही. पुढच्या वस्तूंतही ती असू शकते :

- प्रवेश, शिष्यवृत्ती आणि परीक्षा विभागाचे कॉम्प्युटर
- सर्व्हर आणि बॅकअपच्या बाहेरच्या हार्ड डिस्क
- प्राध्यापकांचे लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह
- मोठी झेरॉक्स-स्कॅनर मशीन (अनेक मोठ्या मशीनच्या पोटात हार्ड डिस्क असते)
- सीसीटीव्हीचा डीव्हीआर
- हजेरीचं बोटाच्या ठशाचं मशीन
- जुन्या सीडी, डीव्हीडी, मेमरी कार्ड

यातली झेरॉक्स मशीन, डीव्हीआर आणि हजेरीचं मशीन ही हटकून विसरली जातात. त्यांना कोणी कॉम्प्युटर समजत नाही.

डिलीट केलं म्हणजे गेलं का?

नाही. इथेच बहुतेकांची गफलत होते.

जाड पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली, तर धडा कुठल्या पानावर आहे ते कळत नाही. पण पानं जागेवरच असतात. कॉम्प्युटरवर फाईल डिलीट मारली की साधारण असंच होतं. कॉम्प्युटर फक्त "ही जागा आता मोकळी समज" अशी नोंद करतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनी फाईल तशीच पडून राहते. ती परत काढणारी सॉफ्टवेअर इंटरनेटवर फुकट मिळतात. लग्नाचे उडालेले फोटो मोबाईल दुकानदार परत काढून देतो, तेव्हा तो याच गोष्टीचा फायदा घेत असतो.

रिसायकल बिन रिकामी केली तरी तेच. "क्विक फॉरमॅट" मारला तरी तेच. विंडोज नव्याने टाकलं, तर काही भागावर नवीन लिहिलं जातं, पण बाकीची जुनी माहिती डिस्कवर राहू शकते. त्यामुळे "फॉरमॅट मारून दिलाय" हे उत्तर पुरेसं नाही. कसला फॉरमॅट, कोणत्या डिस्कवर आणि नंतर तपासलं का, हे विचारावं लागतं.

जगात काय घडलंय?

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या दोन विद्यार्थ्यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. १५८ पैकी १२९ डिस्क चालू निघाल्या, आणि त्यातल्या नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. उरलेल्यांत क्रेडिट कार्डांचे नंबर, आजारपणाची माहिती, खासगी ईमेल असं बरंच काही सापडलं. एक डिस्क तर एटीएम मशीनमधली असावी, असं आतल्या व्यवहारांच्या नोंदींवरून दिसत होतं.

दुसरं उदाहरण मॉर्गन स्टॅनली या बड्या वित्तसंस्थेचं. त्यांनी जुने सर्व्हर आणि डिस्क हलवण्याचं काम सामान वाहतूक करणाऱ्या एका कंपनीला दिलं. त्या कंपनीला माहिती नष्ट करण्याच्या कामाचा अनुभवच नव्हता. पुढे यातल्या काही डिस्क ऑनलाइन लिलावात विकल्या गेल्या, आतल्या ग्राहकांच्या माहितीसकट. सुमारे दीड कोटी ग्राहकांची माहिती नीट न जपल्याबद्दल अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २०२२ मध्ये या कंपनीला साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला.

तिसरं उदाहरण झेरॉक्स मशीनचं. न्यूयॉर्कच्या एका आरोग्य विमा संस्थेने भाड्याने घेतलेली मशीन परत केली, पण त्यांच्या आतली हार्ड डिस्क पुसली नाही. २०१० मध्ये एका टीव्ही वाहिनीने अशी जुनी मशीन विकत घेऊन आतली कागदपत्रं काढून दाखवली. तीन लाख ४४ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीचा प्रश्न निर्माण झाला आणि २०१३ मध्ये त्या संस्थेला १२ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली.

या तीन गोष्टींत कोणीही कॉम्प्युटर हॅक केला नव्हता. माहिती मालकानेच आपल्या हाताने बाहेर दिली होती.

पुरात बुडालेली, बंद पडलेली डिस्क रिकामी नसते

कृष्णाकाठच्या लोकांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात सांगली शहराचा सखल भाग आणि नदीकाठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली होती. अशा वेळी भिजलेला कॉम्प्युटर चालू होत नाही, म्हणून "मेला" असं समजून चिखलासकट भंगारात जातो.

पण हार्ड डिस्कमध्ये माहिती असते ती आतल्या चकत्यांवर, चुंबकाच्या खुणांच्या रूपात. पाणी या खुणा पुसत नाही. डिस्कचं सर्किट जळतं, मोटर अडकते, पण चकती शाबूत असेल तर जाणकार माणूस माहिती काढू शकतो.

कोलंबिया अंतराळयान फेब्रुवारी २००३ मध्ये पृथ्वीवर परतताना आकाशात तुटून जळालं. भारतात जन्मलेल्या कल्पना चावला याच यानात होत्या. या यानातली एक हार्ड डिस्क काही महिन्यांनी जळालेल्या, वेड्यावाकड्या अवस्थेत सापडली. तज्ज्ञांनी तिच्यातली जवळपास ९९ टक्के माहिती परत मिळवली. आकाशातून पडलेल्या डिस्कची ही कथा, तर पुराच्या पाण्यात आठ दिवस राहिलेल्या डिस्कचं काय सांगायचं?

त्यामुळे नियम सोपा ठेवावा. चालू डिस्क पुसता येते. बंद डिस्क पुसता येत नाही, म्हणून ती फोडावीच लागते.

पुसण्याच्या तीन पातळ्या

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची यासाठी एक मार्गदर्शिका आहे. तिची २०१४ ची आवृत्ती जगभर वापरली गेली. तिच्यात तीन पातळ्या सांगितल्या आहेत.

पहिली पातळी, वरून लिहिणे. डिस्कच्या प्रत्येक जागेवर शून्य किंवा दुसरं काहीतरी लिहायचं. शेत नांगरल्यावर आधीच्या सऱ्या दिसत नाहीत, तसं. पस्तीस वेळा लिहावं लागतं, असा एक जुना समज आहे. आजच्या हार्ड डिस्कसाठी सगळ्या जागेवर एकदा नीट लिहिलं तरी भागतं. ५०० जीबीच्या डिस्कला साधारण दीड तास लागतो, एक टीबीला तीन तासांच्या आसपास. डिस्क जुनी असेल तर आणखी वेळ जातो. यासाठी एनवाइपसारखी साधनं मोफत मिळतात.

दुसरी पातळी, मुळापासून पुसणे. डिस्कच्या आतच कंपनीने पुसण्याची आज्ञा दिलेली असते, ती वापरायची. प्रयोगशाळेत नेऊनही माहिती परत निघू नये, हा हेतू. चकतीच्या हार्ड डिस्कसाठी डीगॉसर नावाचं जोरदार चुंबकाचं मशीनही वापरतात. पेसमेकर बसवलेल्या माणसाने त्याच्या जवळ जाऊ नये.

तिसरी पातळी, नष्ट करणे. डिस्कचे तुकडे करायचे. श्रेडर मशीनमध्ये घालून भुगा करणं सगळ्यात चांगलं.

एसएसडीचं गणित वेगळं आहे

अलीकडच्या लॅपटॉपमध्ये चकतीची हार्ड डिस्क नसते, एसएसडी असते. हिच्यात चकती नाही, काळ्या चिप असतात. चिप लवकर झिजू नये म्हणून एसएसडी एकाच जागेवर पुन्हा पुन्हा लिहीत नाही. दरवेळी जागा बदलते. शिवाय वापरणाऱ्याला न दिसणारी थोडी राखीव जागा तिच्याकडे असते. त्यामुळे आपण "वरून लिहिलं" असं समजतो, पण जुनी माहिती दुसऱ्या चिपवर तशीच राहू शकते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे तपासलं. एसएसडीवरची एखादी फाईल पुसण्याच्या ज्या पद्धती लोक वापरत होते, त्यातली एकही खात्रीची निघाली नाही. डीगॉसरचाही उपयोग होत नाही, कारण चिपमध्ये माहिती चुंबकाने साठवलेलीच नसते.

मग करायचं काय? एसएसडीच्या आतली पुसण्याची आज्ञा वापरायची, नंतर तपासायचं, आणि शंका असेल तर फोडायची. फोडताना प्रत्येक काळी चिप तुटली पाहिजे. एक भोक पाडून भागत नाही, बाजूची चिप शाबूत राहते. अमेरिकेची एनएसए ही सुरक्षा संस्था तर एसएसडीचा दोन मिलिमीटरपर्यंत भुगा करायला सांगते.

सगळ्यात चांगला उपाय आधीच करायचा असतो. कॉम्प्युटर घेतल्या दिवशीच डिस्कला कुलूपबंद करणारी सोय, म्हणजे एन्क्रिप्शन, चालू करायचं. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर नावाने ती मिळते. मग डिस्क चोरीला गेली तरी चावीशिवाय आतलं वाचता येत नाही, आणि शेवटी चावी नष्ट केली की माहिती निरुपयोगी होते.

कोणत्या वस्तूला कोणता उपाय

- चालू हार्ड डिस्क : पूर्ण वरून लिहिणे, मग तपासणी. परीक्षा किंवा शिष्यवृत्ती विभागाची असेल तर पुसून फोडणे.
- बंद हार्ड डिस्क : चकत्या फोडणे. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या चकत्या पुष्कळदा काचेच्या असतात, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे घालूनच.
- एसएसडी : आतली आज्ञा वापरून पुसणे किंवा प्रत्येक चिप फोडणे.
- पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड : संवेदनशील माहिती असेल तर चिप फोडणे. किंमत कमी, धोका जास्त.
- सीडी, डीव्हीडी : श्रेडरमध्ये घालणे. नुसता ओरखडा पुरत नाही.
- झेरॉक्स मशीन : परत देण्यापूर्वी कंपनीच्या माणसाकडून डिस्क पुसून घेणे किंवा काढून ठेवणे. भाडेकरारातच ही अट लिहिणे.
- डीव्हीआर : आतली हार्ड डिस्क काढून वरीलप्रमाणे.
- हजेरीचं मशीन : आतली सगळी माहिती पुसून, मग सुरुवातीच्या स्थितीत आणणे.

एक काम मात्र कधीच करू नये. डिस्क किंवा वायरी जाळू नयेत. त्यातून विषारी धूर निघतो आणि जाळूनही माहिती जातेच, असं नाही.

कॉलेजात काम कसं व्हायला हवं?

तंत्र अवघड नाही. अवघड आहे ती शिस्त. कॉलेजात कोणतीही वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला चढलेली असते आणि बाद करताना तिचं निर्लेखन करावं लागतं. समिती बसते, ठराव होतो, दरपत्रकं मागवली जातात, भंगार विकलं जातं. या कागदावर "कॉम्प्युटर संच, नग २०" एवढंच लिहिलं, तर आतल्या वीस डिस्कचा हिशोब कुठेच लागत नाही. दुखणं इथे आहे. रजिस्टरमध्ये कॉम्प्युटर असतो, डिस्क नसते.

म्हणून निर्लेखनाच्या कामात पुढच्या पायऱ्या घालाव्या लागतात :

१. जपायचं ते आधी बाजूला काढणे. निकाल, प्रवेश नोंदी, हिशोब हे सरकारी अभिलेख आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार असे अभिलेख मनाला येईल तसे नष्ट करता येत नाहीत. त्यांची प्रत नव्या जागी गेली आणि ती उघडते, याची खात्री आधी करावी.

२. डिस्क काढून मोजणे. प्रत्येक डिस्कवर कंपनीचा अनुक्रमांक छापलेला असतो. तो रजिस्टरमध्ये लिहायचा. कोणत्या विभागातली, कोणत्या कॉम्प्युटरची, हेही.

३. कुलूप. काढलेल्या डिस्क पुसेपर्यंत कपाटात कुलूपबंद ठेवायच्या. किल्ली एका जबाबदार माणसाकडे. जिन्याखाली किंवा माळ्यावर पडलेला ढीग म्हणजे सगळ्यात मोठी पळवाट.

४. वर्गवारी. मुलं टायपिंग शिकतात त्या लॅबची डिस्क आणि परीक्षा विभागाची डिस्क सारखी नाही. पहिली पुसून पुन्हा वापरता येते. दुसरी पुसायची आणि शंका असेल तर फोडायची.

५. पुसणे आणि तपासणे. पुसणारा एक, तपासणारा दुसरा. काही डिस्क निवडून त्यांच्यावर फाईल परत काढणारं सॉफ्टवेअर चालवून बघायचं. काही सापडलं तर सगळी खेप पुन्हा.

६. दाखला. अनुक्रमांक, पद्धत, तारीख, दोघांच्या सह्या. काम बाहेरच्या संस्थेला दिलं असेल तर तिच्याकडून अनुक्रमांकासह प्रमाणपत्र घ्यायचं. "२० डिस्क नष्ट केल्या" एवढ्या ओळीवर भागवू नये.

७. मगच भंगार. डिस्क काढलेला कॉम्प्युटर लिलावात जाऊ शकतो. तोही नोंदणीकृत ठिकाणीच.

लहान कॉलेजकडे श्रेडर मशीन नसतं आणि ते घेणं परवडतही नाही. पण पुसण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि बंद डिस्कसाठी ड्रिल मशीन आणि हातोडा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये असतो. संस्थेची चार-पाच कॉलेजं मिळून वर्षातून एकदा नोंदणीकृत कंपनीला बोलावून सगळ्यांसमोर डिस्क नष्ट करून घेऊ शकतात.

कायदा काय सांगतो?

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वर्षभरात यादीतल्या किमान एक हजार विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू वापरणारी संस्था "मोठी ग्राहक" ठरते. कॉम्प्युटर, प्रिंटर, एसी असं सगळं धरलं तर मोठं विद्यापीठ यात सहज बसतं. अशा संस्थेने ई-कचरा फक्त नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांनाच द्यायचा आहे. नेहमीच्या भंगारवाल्याला नाही. नोंदणीकृत संस्थांची माहिती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर मिळते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची कार्यालयं सातारा आणि सांगलीतही आहेत.

हे नियम मुळात प्रदूषण रोखण्यासाठी आहेत. माहितीसाठी दुसरा कायदा आहे, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संस्थांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांचा अवधी दिला आहे. लोकांची माहिती ज्याच्याकडे आहे, त्याने ती सुरक्षित ठेवण्यासाठी योग्य काळजी घेतलीच पाहिजे, असं हा कायदा सांगतो. ही काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. काम संपल्यावर माहिती पुसायची, हीही अट आहे. सरकारी संस्थांना या पुसण्याच्या अटीतून सूट दिली आहे. पण माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावरही राहते, आणि न पुसलेली डिस्क भंगारात देणं हे सुरक्षित ठेवणं कसं म्हणता येईल?

सगळंच फोडू नका

माहितीच्या भीतीने चांगले कॉम्प्युटर फोडणं हाही तोटाच. लॅबचा सहा वर्षं जुना कॉम्प्युटर डोंगरी भागातल्या जिल्हा परिषद शाळेला अजून तीन-चार वर्षं उपयोगी पडू शकतो. डिस्क नीट पुसून त्यावर उबंटूसारखी मोफत प्रणाली टाकली की मुलांना शिकायला पुरे. शंका असेल तर जुनी डिस्क काढून घ्यायची आणि छोटी नवी एसएसडी बसवून द्यायची. कॉम्प्युटर आधीपेक्षा जोरात चालतो आणि माहितीचा धोकाही राहत नाही.

देणगीत कॉम्प्युटर घेणाऱ्या शाळेनेही एक गोष्ट पाहावी. "डिस्क पुसली आहे" असं लेखी मागून घ्यावं. नाहीतर दुसऱ्याची माहिती आपल्याकडे येऊन पडते.

पालक आणि विद्यार्थ्यांनी काय विचारावं?

सरकारी विद्यापीठ आणि अनुदानित कॉलेजकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. शुल्क दहा रुपये. अर्ज विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा. नुसतं "जुन्या कॉम्प्युटरचं काय केलं" असं न विचारता नेमके कागद मागावेत :

- मागच्या तीन वर्षांत निर्लेखित केलेल्या कॉम्प्युटर, सर्व्हर आणि झेरॉक्स मशीनची यादी
- त्यातल्या हार्ड डिस्क पुसल्याचे किंवा नष्ट केल्याचे दाखले
- ई-कचरा कोणत्या नोंदणीकृत संस्थेला दिला त्याची पावती
- याबाबत संस्थेने ठरवलेल्या लेखी कार्यपद्धतीची प्रत

अर्जाआधी प्राचार्यांना किंवा विद्यार्थी परिषदेमार्फत तोंडी विचारलं तरी चालतं. पुष्कळदा विषय कोणाच्या लक्षातच आलेला नसतो, आणि एका प्रश्नाने काम सुरू होतं.

स्वतःची माहिती देतानाही थोडी काळजी घ्यावी. आधार नंबर पूर्ण देणं सक्तीचं नसेल, तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्यावं. ते यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून फुकट काढता येतं. तिथेच बोटांच्या ठशांचं लॉकही लावता येतं. झेरॉक्सवर "फक्त अमुक कॉलेजच्या प्रवेशासाठी" असं लिहून तारीख टाकावी.

गावातल्या ऑफिसात आणि घरातही हेच

ग्रामपंचायत, विकास सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था, आपले सरकार सेवा केंद्र, गावातला फोटो स्टुडिओ. या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर अख्ख्या गावाचे कागद असतात. सेवा केंद्रात स्कॅन केलेला सातबारा, आधार आणि पासबुक काम झाल्यावर डेस्कटॉपवरच राहतात. काम झालं की "फाईल काढून टाका" असं समोर उभं राहून सांगायला हरकत नाही. कॉम्प्युटर विकताना डिस्क मात्र काढूनच घ्यावी.

घरचा मोबाईल विकताना किंवा भांड्यांवर बदलून देताना हा क्रम ठेवा :

१. हवे ते फोटो आणि नंबर दुसरीकडे घ्या. पैसे पाठवण्याच्या ॲपमधून आधी बाहेर पडा.
२. सिम आणि मेमरी कार्ड काढा. मेमरी कार्ड फोनसोबत कधीच देऊ नका. ते साधारणपणे एन्क्रिप्ट केलेलं नसतं.
३. सेटिंगमध्ये जाऊन गुगल खातं काढा.
४. मग फॅक्टरी रिसेट मारा. अँड्रॉइड १० किंवा त्यानंतरची आवृत्ती घेऊन बाजारात आलेल्या फोनमधली माहिती आधीच एन्क्रिप्ट केलेली असते, त्यामुळे रिसेटनंतर ती परत मिळवणं फार अवघड.
५. फोन चालूच होत नसेल तर विकू नका. बॅटरीला धक्का न लावता तो ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. बॅटरीवर हातोडा मारला तर पेट घेते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*डिस्कवर चुंबक फिरवलं तर पुसली जाते का?* घरातल्या किंवा स्पीकरमधल्या चुंबकाने नाही. डीगॉसरचं चुंबक कितीतरी पट जोरदार असतं. एसएसडीवर तर कुठल्याच चुंबकाचा परिणाम होत नाही.

*डिस्क पाण्यात टाकली तर?* नाही. वर सांगितल्याप्रमाणे पाण्याने माहिती जात नाही.

*विंडोजमधला पूर्ण फॉरमॅट पुरतो का?* विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत पूर्ण फॉरमॅट चकतीच्या हार्ड डिस्कवर वरून शून्य लिहितो. घरगुती वापराला तो चालू शकतो. क्विक फॉरमॅटवर विसंबू नये. परीक्षा विभागासाठी मात्र खास साधन आणि तपासणी हवीच.

*भंगारवाला म्हणतो डिस्कसकट दिलं तर जास्त पैसे. द्यावं का?* जुन्या डिस्कचे फार तर दोन-चारशे रुपये जास्त मिळतील. त्या डिस्कवर शेकडो घरांचे खाते नंबर असू शकतात.

*आपली माहिती वापरून फसवणूक झाली तर?* लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. सायबर क्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार करता येते. आधारबाबतची तक्रार १९४७ या क्रमांकावर.

थोडक्यात

डिलीट म्हणजे पुसणं नाही. बंद पडलेली डिस्क रिकामी नसते. कॉम्प्युटर भंगारात द्या, पण डिस्क पुसल्याशिवाय किंवा फोडल्याशिवाय दाराबाहेर जाऊ देऊ नका. आणि जे केलं ते डिस्कच्या अनुक्रमांकासह, तारीख-सहीनिशी रजिस्टरला चढवा.